टॅपेटकाका

टॅपेटकाका हे पद नागपुरात बहुधा निवृत्तीनंतर मिळतं. माणूस अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून बाहेर पडतो, कोराडीच्या वीजकेंद्रातून पडतो, नाहीतर वेस्टर्न कोलफील्ड्समधून पडतो, आणि महिन्याभरात त्याला लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकू यायला लागतात. त्याच गाड्या त्याच्या गेटसमोरून वर्षानुवर्षं गेलेल्या असतात. आता मात्र तो हात आडवा करून त्या थांबवतो. "टॅपेट वाजून राहिले जी तुमचे." टॅपेट म्हणजे इंजिनात कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारे दट्टे. तुम्ही दूध आणायला निघालेले असता. दूध राहतं.

गाडी कुठली, हे बघायच्या फंदात काका पडत नाहीत. शेजारच्या पोट्ट्याच्या आरएक्स हंड्रेडचा कॅम गेला, असं एकदा त्यांनी भर चौकात जाहीर केलं. पोट्टं नेमकं इंजिनिअरिंगला होतं. ते म्हणालं, "काका, ही टू-स्ट्रोक आहे. जुन्या येझदी, राजदूतसारखी. हिला आत घ्यायच्या वाटेवर एक रीड व्हॉल्व्ह तेवढा, तो आपोआप उघडतो; बाकी भोकं उघडायचं-झाकायचं काम पिस्टनच करतो. मग कॅम येईल कुठून?" काका डगमगले नाहीत. "कंपनीनं दिला नाही म्हणून वाचला. दिला असता तं गेलाच असता."

त्यांची स्वतःची गाडी खानदानी. बीडाच्या इंजिनची साडेतीनशे बुलेट, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेली, असं ते सांगतात. कागद मागितले की संत्र्याच्या भावावर बोलतात. 346 सीसी, 70 मिलिमीटरचा बोर, 90चा स्ट्रोक हे आकडे तोंडपाठ, नातवाच्या वाढदिवसाची तारीख मात्र काकूंना विचारावी लागते. एन्फिल्ड इंडिया 1955 साली मद्रासला सुरू झाली आणि मूळचं ते बीडाचं इंजिन थोड्याफार फरकानं 2010च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. त्या श्रेयातला निम्मा वाटा आपला आहे, असा काकांचा चेहरा असतो.

तसलीच एक म्हातारी बुलेट माझ्याकडेही आहे. एका रविवारी काकांनी लांब पेचकसाचं टोक तिच्या उजव्या कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "एक्झॉस्टचा कॅम. नाक घासलं त्याचं." आता इथं एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, नाहीतर काकांवर अन्याय होईल. दहातल्या नऊ वेळा त्यांचं निदान म्हणजे कानाला झालेला भास असतो. ही दहावी वेळ होती. टॅपेट कितीही नीट लावले तरी आठवड्यात टकटक परत येत होती आणि मागं कुणी बसलं की गाडी धापा टाकत होती. कॅमचं नाक झिजलं की व्हॉल्व्ह पुरता उचलला जात नाही, जळका धूर पुरता बाहेर पडत नाही. काका बरोबर होते. गाडी बरी होईपर्यंत ते त्यांनी मला विसरू दिलं नाही.

महाल भागातल्या एका बोळात मिस्त्रीचं दुकान आहे. कॅम बदलायला तिथं एक मिस्त्री लागतो आणि एक पोऱ्या. आम्ही पोचलो तेव्हा पाच-सहा जण आधीच उकिडवे बसलेले होते. इंजिन उघडणार ही बातमी काकांनीच पसरवली होती. प्रत्येकाचं डोकं टायमिंग कव्हरच्या वर, मोबाइलचे तीन टॉर्च, आणि उजेड सगळा मिस्त्रीच्या डोळ्यांत.

"कॅमशाफ्ट बदलायची आहे," असं मी बोलून गेलो तर काका कळवळले. "शाफ्ट नाही जी! दोन अलग कॅम असतात आपल्यात. इनलेटचा वेगळा, एक्झॉस्टचा वेगळा, गरारीसकट. आपापल्या पिनेवर फिरतात. शाफ्ट त्या होंडाला, वर डोक्यात." डोक्यात कॅम असलेल्या गाड्यांबद्दल काकांचं मत छापण्याजोगं नाही.

कव्हर निघालं. क्रँकवरची लहान गरारीही बदलायचं ठरलं तसा पोऱ्यानं तिच्या नटावर पाना चढवला, पान्यावर पाइप चढवला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. "अबे, उल्टी चुडी हाय!" काका एवढ्यानं ओरडले की बोळातली दोन कुत्री उठून गेली. त्या नटाचे आटे खरोखरच उलटे असतात. आपण वाचवलं नसतं तर आज क्रँकच गेला असता, हे मग त्यांनी चहा येईपर्यंत सांगितलं आणि चहा आल्यावर चहावाल्याला सांगितलं.

खरं भांडण जुंपलं ते टॅपेटच्या पायांवरून. कॅमवर घासणारे ते पाय जुनेच ठेवावेत, असं मिस्त्रीचं म्हणणं. "चालते भाऊ." काका उभे राहिले. खड्डे पडलेल्या पायाखाली नवा कॅम दिला तर तो पाय नव्या कॅमलाही खाऊन टाकतो. बदलायचं तर सेट बदला. पैसे माझे होते, म्हणून दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. सेट बदलला.

मग ठिपके. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक, म्हणून गरारीवरचे ठिपके समोरासमोर बसले पाहिजेत. एक दात इकडचा तिकडं झाला की गाडी किक परत मारते. मिस्त्रीनं एका नजरेत बसवले. काकांनी चष्मा काढून, चष्मा घालून आणि दुसऱ्याचा चष्मा मागून ते तपासले. पत्रिका जुळवणारे गुरुजीसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत.

टॅपेट थंड इंजिनवर लावायचे, असा नियम आहे. मद्रासला तो कसा पाळत असतील ते असतील, पण नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना इंजिन थंड म्हणायचं कधी? न चालवलेली गाडीही हाताला चटका देते. काकांनी उपाय काढला. गाडी रात्री त्यांच्या हॉलमध्ये, कूलरसमोर. काकू आणि पाहुणे गच्चीवर झोपले. काकूंची काही तक्रार नव्हती. त्या मला म्हणाल्या, "कुणाचं इंजिन उघडलं की हे दिवसभर घरात नसतात. तुमच्याकडं आणखी एखादी गाडी नाही का?"

पहाटे सगळे जमले. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, बोरच्या उजव्या अंगाचं छोटं झाकण काढलेलं. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मिस्त्रीनं पाहिलं, मी पाहिलं. काकांनी पेपरवाल्यालाही थांबवून फिरवून बघायला लावलं. त्यानंही मान डोलावली. बिचारा सायकलवाला!

कंपनीनं मध्यंतरी काकांचा घात करून पाहिला. 2008-09च्या सुमारास आलेल्या नव्या बुलेटांत हायड्रॉलिक टॅपेट होते, तेलाच्या दाबावर फट आपोआप भरणारे. ना वाजणं, ना लावणं. "ही काय मोटरसायकल हाय का बाप्पा?" म्हणत काका तो सगळा काळ जुन्या गाड्यांवर भागवत होते. 2020 साली आणखी नवं इंजिन आलं, त्यात टॅपेटची फट पुन्हा हातानं लावायची. कॅम मात्र डोक्यात गेला, होंडासारखा. डोक्यातल्या कॅमबद्दलचं त्यांचं मत तेव्हापासून बरंच मवाळ झालंय.

चाचणी वर्धा रोडवर झाली, डबल-डेकर पुलाच्या खाली. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, असं हे 3.14 किलोमीटरचं बांधकाम गिनीज बुकात गेलंय, पण काकांच्या लेखी ते आवाज घुमावा म्हणून बांधलंय. मी चालवत होतो, ते मागं कान पुढं करून. पूल संपला. टकटक नव्हती. गाडी धडधड करत, दोन माणसं घेऊन, न धापता गेली. काका काहीच बोलले नाहीत.

नंतरचे दिवस त्यांना वाईट गेले. जुना कॅम त्यांनी धुऊन-पुसून शोकेसमध्ये मुलाच्या पदवीच्या फोटोशेजारी ठेवला होता. येणाऱ्याला त्याचं झिजलेलं नाक दाखवण्यात थोडा वेळ जायचा. पण मी गेटसमोरून जायचो तेव्हा ते नुसतेच उभे असायचे, हात न उचलता. तान्ह्या पोळ्याला, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत भेटले, तर "टकटक घेऊन जाय गे मारबत" म्हणून हसलेसुद्धा नाहीत. मलाच अपराधी वाटायला लागलं.

परवा सकाळी मात्र हात आडवा आला. पेचकस खिशात होताच. काका गाडीला वळसा घालून पलीकडं गेले, प्रायमरी चेनच्या कव्हरवर टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"उजवीकडचं निपटलं तुमचं," ते म्हणाले. "आता डावीकडून ऐका जी."