काय हरवलंय का?

पासष्टीनंतर आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल करा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिनिव्हातली ही मंडळी कर्जत-मुरबाड रस्त्यावर कधी चाललेली नसावीत. निवृत्तीनंतर मी कशेळ्यात राहायला आलो आणि डॉक्टरांच्या धाकानं चालू लागलो, तर दर दोन मिनिटांनी एक मोटारसायकल थांबते. ‘बसा काका, सोडतो.’ नको म्हटलं की, ‘लाजताय काय?’ माणुसकीचा मान राखून बसावं लागतं. तो नेऊन सोडतो नाक्यावर, नेमका वड्यांचा घाणा निघत असतो तेव्हा. फिरायला निघालेला माणूस बसून जातो आणि खाऊन येतो.

म्हणून मी शेताचा रस्ता धरला. तिथं गवत कापणारी एक आजी म्हणाली, ‘भाऊ, काय हरवलंय का? जातोस नि परत येतोस.’ व्यायाम करतोय म्हटल्यावर तिला माझी दया आली असावी. ‘मंग जरा भारा उचलू लाग,’ म्हणाली. हात लावला तर माझ्या कमरेतून आवाज आला. आजी मात्र तो भारा डोक्यावर घेऊन वीतभर रुंदीच्या निसरड्या बांधावरून झपझप निघून गेली. जिनिव्हावाल्यांचा तोल तो हाच!

खाण्याचंही तसंच. सूनबाई मुंबईहून ओट्स धाडते. इथं पावसाच्या तोंडावर ठाकरणी शेवळं विकायला आणतात, वर घसा खाजू नये म्हणून सोबत काकडं देतात. नंतर टाकळा, कुर्डू, करटुली. नाचणीत तर दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम. पण ती पिकायची त्या वरकस जमिनीवर फार्महाऊसं उगवली, आणि आजीच्या घरीही आता रेशनचा तांदूळ नि चहाबरोबर खारी. भरीला 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट. योजना चांगलीच, आजारी माणसाला मोठा आधार. पण पुढच्या वाडीला चालत जाणारे आमचे धडधाकट आजोबा आता तासभर थांब्यावर बसून असतात. फुकटची गाडी सोडायची कशी?

तेव्हा ज्येष्ठांचे सत्कार करणाऱ्या समस्त मंडळांना विनंती: शाल-श्रीफळ पुरे झालं. किलोभर नाचणीचं पीठ द्या, आणि कार्यक्रम संपल्यावर आम्हाला घरी चालत जाऊ द्या.