किल्विष आला बे!

दिग्रसच्या आमच्या आळीत रविवारी दुपारी बारा वाजता टीव्हीवर शक्तिमान यायचा. लाईन असली तर. एकजण कवेलूंवर चढून अँटेना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचो, ‘आला, आला... गेला बे!’ १९९७ सालचा हा मुकेश खन्नांचा सुपरहिरो टांगून उडवलेला असतो, हे काय आम्हाला कळत नव्हतं? पण त्याच्यासारखं गरगर फिरायला पैसे पडत नसत. ओसरीत फिरता फिरता मी आजीचा माठ फोडला. तिने मला शक्तिमान नव्हे, त्याचं बावळट सोंग गंगाधर समजूनच झोडपलं.

पुढे २००६ मध्ये ‘क्रिश’ सिनेमा आला, २०११ मध्ये ‘रा.वन’. खर्च विचारू नका. शाहरुख खान आगगाडीवर धावला म्हणे! पण त्यातला नायक जी.वन होऊन ओसरीवरून उडी मारणारं एकही पोरगं आमच्याकडे दिसलं नाही. तीन तासांत जग वाचवून निघून जाणाऱ्याशी ओळख तरी कशी व्हायची?

आता शक्तिमानचाच सिनेमा काढू, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. काढा बापा. इकडे शक्तिमानचा वैरी, अंधाराचा राजा तमराज किल्विष मात्र कधीचा अमर आहे. परवा ऐन जेवणात लाईन गेली, तर पन्नाशीचे शेजारी अंधारातून ओरडले, ‘किल्विष आला बे!’