पाहुण्यांनो, आधी प्रसूतिगृह गाठा

परदेशातून आफ्रिकेत जायचं, तिथल्या गर्भपातविरोधी कार्यकर्त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा आणि परत यायचं, हा आता नेमाचा कार्यक्रम झाला आहे. अमेरिकेत मूळ असलेली ‘वर्ल्ड काँग्रेस ऑफ फॅमिलीज’ २०१६ मध्ये नैरोबीत भरली, २०१९ मध्ये अक्रात भरली. व्यासपीठ सजतं, पुढारी येतात, भाषणं होतात. पाहुणे परततात. गरोदर बाई होती तिथेच राहते. माझं भांडण याच्याशी आहे.

स्थानिक कार्यकर्त्यांशी नाही. त्यांना कुणाच्या हातचं बाहुलं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. नायजेरियात जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ओबियानुजू एकेओचा यांनी २०१२ मध्ये मेलिंडा गेट्स यांना खुलं पत्र लिहिलं. गर्भनिरोधकांवर एवढा पैसा ओतताय, पण आफ्रिकेतल्या बाईला काय हवंय ते तिला विचारलंत का, असा त्यांचा रोख होता. त्यांनी स्वतःची यादीही दिली. गरोदर बायका, नवजात बाळं आणि लहान मुलं यांच्यासाठी चांगली आरोग्यसेवा, मुलांना अन्न, शिक्षणाची सोय. गर्भनिरोधकांना त्यांचा असलेला विरोध मला अजिबात पटत नाही. त्यांचा प्रश्न मात्र पुरता पटतो. गरिबांच्या घरात मुलं किती असावीत हे वरून ठरू लागलं की काय होतं, ते आपण पाहिलंय. १९७६ मध्ये आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून आपण वाचलो.

पण सक्ती दुसऱ्या बाजूनेही होते. गर्भपाताची मुभा हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, ते आफ्रिकेवर लादलं जातंय, असं या मंचांवरून सांगितलं जातं. इतिहास उलटं सांगतो. सिएरा लिओनच्या संसदेने २०१५ मध्ये गर्भपाताला मुभा देणारा नवा कायदा मंजूर केला, तेव्हा तिथे लागू होता तो ब्रिटिश संसदेचा १८६१ चा बंदीचा कायदा. धर्मगुरू विरोधात उतरले आणि अध्यक्ष कोरोमा यांनी सही केली नाही. याउलट बलात्कार झाला असेल किंवा आईच्या जिवाला, आरोग्याला धोका असेल, तर गर्भपाताला परवानगी द्यावी, हे आफ्रिकन युनियनने स्वतः २००३ मध्ये मापुटोत लिहून ठेवलं. म्हणजे बंदी बोटीतून आली आणि सवलत आफ्रिकेत लिहिली गेली.

केनियाचं बघा. २०१० च्या राज्यघटनेतलं २६ वं कलम म्हणतं, जीवन गर्भधारणेपासून सुरू होतं. तेच कलम आईचा जीव किंवा आरोग्य धोक्यात असेल तर गर्भपाताला वाट ठेवतं. चर्चने विरोध केला. ‘अमेरिकन सेंटर फॉर लॉ अँड जस्टिस’ ही परदेशी वकिलांची संस्थाही विरोधात उतरली. तरी सुमारे ६७ टक्के मतदारांनी घटना स्वीकारली. श्रद्धेला जागा, डॉक्टरलाही जागा. घरच्यांनी घरातच तोडगा काढला. त्यात बाहेरच्यांनी पुन्हा काडी घालायचं कारण नाही.

आता पैशाचं. अमेरिकेचं ‘मेक्सिको सिटी’ धोरण १९८४ चं. ते लागू असतं तेव्हा परदेशातली संस्था गर्भपाताची सेवा देत असेल किंवा त्याचा सल्ला देत असेल, तर तिचा कुटुंबनियोजनाचा निधी बंद. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सहाराच्या दक्षिणेकडच्या २६ देशांची आकडेवारी तपासली. ज्या देशांची भिस्त या मदतीवर जास्त होती, तिथे धोरण लागू असताना गर्भनिरोधकांचा वापर घटला आणि गर्भपातांचं प्रमाण तुलनेने सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. गर्भ वाचवायला काढलेल्या फर्मानाने जास्त गर्भ पडले. हे वाचूनही ज्याची झोप उडत नाही, त्याने जीवनरक्षणाची भाषा करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात २ लाख ८७ हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या. त्यांतल्या सुमारे ७० टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे त्यातलं मोठं कारण. तो रोखणारं ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं. वीज नाही, फ्रिज नाही, तर इंजेक्शन असून नसल्यासारखं. रक्त वेळेवर मिळालं नाही तर धडधाकट बाई तासा-दोन तासांत हातची जाते, आणि मागे उरलेल्या तान्ह्या जिवाचंही काही खरं नसतं. ही मरणं टाळण्यात कुठला वैचारिक वाद आड येतो? एकही नाही. यावर गर्भपाताचे विरोधक आणि समर्थक उद्या सकाळी एकत्र कामाला लागू शकतात.

म्हणून पुढच्या दौऱ्याची तिकिटं काढण्याआधी तो पैसा एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीला द्या, सौरऊर्जेवरच्या फ्रिजला द्या, प्रशिक्षित सुईणींच्या पगाराला द्या. गर्भपातहक्काच्या बाजूने थैली घेऊन येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. कायदा काय असावा, ते नैरोबी, अक्रा आणि फ्रीटाऊनच्या बायका आपापल्या खासदारांशी भांडून ठरवतील. बाळंतपणाच्या कळा त्यांच्या, जोखीम त्यांची, मतही त्यांचंच चाललं पाहिजे.