छत्तीस गुण आणि सात वर्षांची साडेसाती

फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापुरात एक ठरत आलेलं लग्न मोडल्याची बातमी आली. मुलीच्या मामांनी मुलाचा सिबिल अहवाल मागितला, त्यात कर्जांची रांग निघाली आणि बैठक उठली. पुण्याच्या मांजरीत आम्ही ती बातमी चवीनं वाचली. आमच्या सोसायटीतल्या एका शेजाऱ्याला मात्र हसू आलं नाही. त्याचं होमलोन त्याच आठवड्यात अडकलं होतं.

गुन्हा काय? नोकरी बदलली, पगाराचं खातं बदललं आणि गाडीचा हप्ता जुन्या, रिकाम्या खात्यावर जाऊन आपटला. तेवीस दिवसांनी त्यानं दंडासकट पैसे भरले. "भरले ना शेवटी?" हा त्याचा सवाल. भरले की! पण दंड बँकेच्या खिशात जातो, अहवालातला डाग धूत नाही. त्या महिन्याच्या चौकोनात ०२३ असा आकडा बसला, म्हणजे इतके दिवस उशीर.

असे चौकोन अहवालात छत्तीस महिन्यांचे दिसतात. छत्तीसच! पत्रिकेत अठरा गुण जुळले तरी भटजी मांडवाची तारीख काढून देतात. बँकेचा भटजी अलीकडचेच चौकोन आधी बघतो. नव्वद दिवस उलटले की कर्ज थेट एनपीए. मग सिबिल स्कोअरच्या ३०० ते ९०० च्या शिडीवर ७५० ची पायरी नुसती लांबून बघायची. माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची, हा नियमच आहे. साडेसाती सहा महिन्यांनी जास्त, पण तिच्यासाठी निदान मारुतीला तेल तरी घालता येतं.

सगळ्यात वाईट शब्द 'सेटल्ड'. लग्नाच्या बाजारात 'मुलगा सेटल आहे' म्हटलं की चहाबरोबर पोहे येतात. कर्ज मात्र तडजोडीनं, थोडं माफ करून घेऊन मिटवलं की अहवालात 'सेटल्ड' लागतं आणि पुढची बँक चहाचंही विचारत नाही. तिथं 'क्लोज्ड' हवं. आणि हो, मित्राला जामीन राहिलात, त्यानं हप्ते थकवले, तर त्याचा मंगळ तुमच्या पत्रिकेत येऊन बसतो.

पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री बँकांना दरडावतात. मांजरीला त्याचा काय उपयोग? द्राक्ष संशोधन केंद्र इथं आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथं आहे; पण २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं आणि आता रानात उगवतात ते टॉवर. त्या पिकाला सवलत नाही.

बँकांकडून हप्त्यांची माहिती सिबिलकडे पूर्वी महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. चुगलीचा वेग दुप्पट! चूक बँकेची किंवा सिबिलची असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. शेजाऱ्याचा ०२३ मात्र खराच होता. त्याला थांबणं आलं.

देशात सिबिल धरून असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मुलीच्या मामांच्या आधी तो तुम्ही मागवा.