आठवड्याची विक्री: शून्य किंवा ३८० कोटी

मी एमएस-सीआयटी पास आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला खरं वाटणार नाही. प्रमाणपत्राला फ्रेम केलेली आहे आणि ती तलवाड्यात, मामांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात लक्ष्मीच्या फोटोशेजारी लटकते. सकाळी दोघींना एकच उदबत्ती फिरायची.

आमच्या गावची देवी त्वरिता. नावातच घाई. गावातलं बाकी सगळं, लाइट आणि नेटवर्क धरून, सवडीनं चालतं. घाई करणारा देवीनंतर मीच.

२०२४ सालचा जून. मृगाचा पाऊस पडून गेलेला, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कपाशीच्या बियाण्याची ८६४ रुपयांची पाकिटं आणि युरियाच्या २६६ रुपये ५० पैशांच्या गोण्या. एवढ्यात सीए साहेबांचा फोन आला. "पहिल्या आठवड्याची खताची रोजकीर्द एक्सेलमध्ये पाठवा, नमुना बघायचाय." साठ्याचं रजिस्टर मामा हातानं लिहितात, टॅलीत नुसता पैशांचा हिशेब. तो माझ्याकडे.

टॅलीनं विचारलं, फाइल कोणत्या प्रकारात काढू? समोर यादी आली. तिच्यात 'एक्सएमएल' होतं आणि पुढे 'डेटा इंटरचेंज' असं भारदस्त काहीतरी लिहिलेलं होतं. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही तो जास्त चांगला असणार, या तत्त्वावर मी आयुष्यात बरेच निर्णय घेतलेत. हाही घेतला.

फाइलवर दोनदा टिचकी मारली तर ती ब्राउझरमध्ये उघडली. वर इंग्रजीत सूचना: या फाइलला कसलीच स्टाइल जोडलेली दिसत नाही. मामांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

खाली नुसत्या पाट्या. रक्कम येण्याआधी 'रक्कम' अशी पाटी, रक्कम संपली की तीच पाटी तिरकी रेघ मारून पुन्हा. गावाच्या वेशीवर शिरताना स्वागत आणि निघताना धन्यवाद, तसं. आणि गावात वाडी, वाडीत वस्ती, वस्तीत घर. व्हाउचरच्या पोटात खाती, खात्याच्या पोटात रक्कम. १९९८ च्या फेब्रुवारीत ही पद्धत जगासाठी पक्की झाली, ती एका यंत्राचं म्हणणं दुसऱ्या यंत्राला कळावं म्हणून. मी यंत्र नव्हतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग फाइल एक्सेलमध्ये उघडली. एक्सेल म्हणालं, हिला स्किमा, म्हणजे मांडणीचा आराखडा, नाही, मीच एक तयार करतो. पत्रिका नसलेल्या स्थळाची पत्रिका मध्यस्थानंच मांडावी, तशातला प्रकार. मी 'ओके' दाबलं. (गंमत म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइल २००७ पासून आतून एक्सएमएलच असते. नावातलं शेवटचं 'एक्सएलएसएक्स' पुसून 'झिप' लिहा आणि उघडून बघा. घरचंच माणूस असून ओळख दाखवत नव्हतं.)

बिलं होती ४७, ओळी आल्या १८८. एका बिलात चार खाती: गिऱ्हाईक, विक्री, केंद्राचा जीएसटी, राज्याचा जीएसटी. पोटातली खाती सपाट अंथरायची म्हणून एक्सेलनं प्रत्येकाला एक ओळ दिली आणि बिलाचा नंबर चारही ओळींवर छापला. रकाने झेड ओलांडून एए, एबी करत पार लांब गेलेले. वरची इंग्रजी नावं मामांना कळायची नाहीत म्हणून मी ती पुसली आणि अंदाजानं मराठी मथळे टाकले. संकटाचं मूळ हा अंदाज.

पैशांसारखा दिसणारा रकाना निवडून बेरीज मारली. उत्तर शून्य.

पुन्हा मारली. शून्य.

एक बिल जवळून पाहिलं. गिऱ्हाइकाच्या नावे उणे २६६.५०. खाली जमेला २५३.८०, ६.३५ आणि ६.३५. उणे रकमेच्या शेजारी आणखी एक रकाना, त्यात 'येस'. त्या रकान्याचं मूळ नाव 'इज डीम्ड पॉझिटिव्ह', म्हणजे ही रक्कम अधिक आहे असं समजावं. टॅली नावेची रक्कम उणे लिहितं. जमा-नावे सारखं असलं की बेरीज शून्यच येणार, आणि शून्य येणं हीच हिशेब चोख असल्याची खूण. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की शेतकऱ्यांकडून येणं नाही, उलट आपणच त्यांना देणं लागतो.

"मामा, विक्री शून्य दिसतीय."

"आरं, सकाळपासून गोण्या उचलून माझी कंबर गेली. शून्य कशी?"

मग मी दुसरा रकाना धरला. त्यात आकडे दणदणीत: २,०२,४०,६०१. वाटलं, हीच खरी रक्कम. एक शंका मात्र आली. पहिल्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांची रक्कम अगदी सारखी, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बरोबर एक रुपयानं वाढलेली. रोजचं व्याज धरलं असणार, असं मी मनाशी ठरवलं आणि बेरीज मारली. ३८० कोटी ५२ लाख.

मामा टेकले. मग त्यांनी तोंडी हिशेब केला, कारण त्यांना तो येतो. "म्हंजे सात दिवसांत एक कोटी बेचाळीस लाखांच्या वर युरियाच्या गोण्या गेल्या. लेका, रेशन दुकानाइतकी तर आपली खोली." मग चष्मा पुसून पडद्याजवळ आले आणि पहिल्या आकड्यावर बोट ठेवून सावकाश वाचू लागले. "दोन हजार चोवीस... झीरो सहा... झीरो एक. आरं, ही तर तारीख हाय. एक जून."

मी १८८ तारखांची बेरीज केली होती.

सीए साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या यादीत एक्सेल नव्हतं का?"

होतं. त्याच यादीत. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तोवर मामांनी लाल वहीत बोट फिरवून आठवड्याची बेरीज काढलीही होती, पैशांसकट.

फ्रेम अजून तिथंच आहे, उदबत्ती मात्र आता एकटीलाच फिरते. आणि पगारवाढीचा विषय काढला की मामा वहीतून मान वर न करता म्हणतात, "तारखेच्या रकान्यातून घे."