माळ्यावरची काकी

नारळी पौर्णिमेला मालवण बंदरात दर्याला नारळ दिला, की होड्या पाण्यात उतरतात आणि काकी माळ्यावर चढते.

ही काकी कुणा एका घरची नव्हे. देवबागपासून आचऱ्यापर्यंत कुठल्याही वाडीत शिरा, एका तरी कौलारू घरात ती सापडेल. दीर गिरणीत गेले, पुतणे विरार-डोंबिवलीला गेले, आणि घराला दिवा लावायला ही मागे राहिली. एरवी गुडघे दुखतात म्हणून ती देवळाच्या पायऱ्याही मोजून चढते. श्रावणात मात्र डोक्याला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं, चिव्याच्या काठीला हिरांची वाढवण आवळली, की गुडघे कुठे जातात ते वैद्यालाच ठाऊक.

निमित्त चवथीचं. भाद्रपदात गणपती येणार आणि त्याच्या मागून चाकरमानी. गणपतीची काकीला धास्ती नसते. तो बिचारा पाटावर बसला की उठेपर्यंत मान वळवत नाही. धास्ती असते ती मुंबईच्या जावांची. त्या चहा घेता घेता फळीवरून सहज बोट फिरवतात आणि बोलत मात्र काहीच नाहीत.

कामही खोटं नसतं. जूनपासून आमच्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यातला थोडा घरातच मुक्कामाला राहिल्यासारखा वाटतो. कमरेच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी, गोधड्यांना कुबट वास, पायरीच्या चिऱ्यावर शेवाळ. त्या शेवाळावरून पाहुणा घसरला तर त्याचं दुःख नंतर. आधी "आमच्या पायरयेवर पडलो" हे गावभर होणार, ते दुःख.

पहिल्या दिवशी माणसं बाहेर निघतात. नवरा असला तर तो खुर्चीसकट खळ्यात जातो. "चवथ झाली काय भितूर येवा," एवढंच त्याला सांगण्यात येतं. आचऱ्याला गावपळण होते तेव्हा सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. पण त्यासाठी रामेश्वराचा कौल लागतो आणि ती काही दर वर्षी होत नाही. काकीची गावपळण दर वर्षी होते आणि तिला कुणाचा कौल लागत नाही.

मग कोळिष्टकं, मग चिंच आणि राख लावून हंडे-समया, मग भिंती. गणपतीमागची भिंत रंगवायला वाडीतला एखादा हौशी पोरगा येतो. तो मोर काढतो, काकी खालून सांगत राहते, "शेपटी वायच बारीक कर रे, मागच्या वर्सा तो कोंबो दिसी होतो." सारवणाला शेण हवं. पूर्वी ते गोठ्यातून यायचं, आता ज्याच्याकडे गाय उरलीय त्याच्याशी वर्षभर गोड बोलावं लागतं. पुतण्याने पैसे पाठवून पुढच्या पडवीला लादी घातली, तीही काकी पुसते, पण परक्याच्या मुलाचं नाक पुसावं तशी. देवाची खोली मात्र तिने लादीवाल्याला दाखवलीसुद्धा नाही.

खरी काकी दिसते ती माळ्यावरून वस्तू खाली येऊ लागल्या की. मोडका कंदील, तळ फुटलेली रोवळी, पाय गेलेली घडवंची, काड्यांपुरती उरलेली छत्री. सगळं खळ्यात उन्हाला मांडलं जातं. साफसफाई म्हणजे नको ते टाकणं, अशी समजूत असलेला एखादा लवकर आलेला पुतण्या छत्री उचलून मागीलदारी निघतो.

"ठेव ती. थोरल्या भावजींची आसा."

"काकी, त्यांना जाऊन तीस वर्षं झाली."

"भावजी गेले. छत्री खय गेली?"

यावर बोलता येत नाही. आणि यात नुसती माया नसते, कायदा असतो. सातबाऱ्यावर सतरा नावं, घरपत्रकावर अजून आजोबाच. वाटण्या झालेल्या नाहीत, होण्याचं लक्षण नाही. अशा घरातली गंजकी किसणीसुद्धा सामाईक. आज टाकली तर उद्या परळहून विचारणा येणार, "आमच्या आईची किसणी होती ती." म्हणून काकी प्रत्येक वस्तू पुसते, ती कुणाची ते मोठ्याने म्हणते आणि होती तिथे परत ठेवते. एवढी मेहनत करून घरातून बाहेर काय जातं, तर धूळ. तिच्यावर कुणी हक्क सांगितलेला नाही म्हणून.

हडप्यातल्या कागदांपाशी मात्र ती जरा टेकते. मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरींच्या चिठ्ठ्या सुतळीत बांधलेल्या. जुन्या चिठ्ठ्यांवर जिल्हा रत्नागिरी, कारण आपला जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. वर्षागणिक गड्डी जाड होत जाते आणि १९८२ च्या गिरणी संपापाशी एकदम पातळ. काकी वाचत नाही. नुसती सुतळी सोडते, कसर झटकते, पुन्हा बांधते. "ह्या तुझ्या बापाशीन धाडलेला," म्हणून एक चिठ्ठी पुतण्यापुढे धरते. तो हातातली छत्री मुकाट्याने खाली ठेवतो.

अलीकडे तारकर्लीकडे पर्यटकांसाठी घरं सजवणारे लोक जुन्या वस्तूंच्या शोधात फिरतात. असाच एकजण ऐन झाडलोटीच्या दिवशी गाडी घेऊन येतो. त्याला हडपा हवा असतो. फणसाचं लाकूड, पितळी कड्या. तो वाकून, वाजवून बघतो आणि बराच मोठा आकडा सांगतो. खुर्चीतले काका पहिल्यांदाच ताठ बसतात.

"देतंय," काकी म्हणते. "सतरा जणांच्यो सह्यो घेवन ये. दोघे दुबयत आसत, एकाचो पत्तो नाय."

तो हसतो, मग हसणं आवरतं घेतो.

"बरां, इलंस तसो हात तरी लाव. ड्रायव्हराकय बोलव."

दोघे मिळून हडपा उचलतात. काकी खालून वाढवण फिरवते; कचऱ्यात दोन सुपाऱ्या, एक बटण आणि मेलेली पाल निघते. "वायच थांबा, कोपरो रवलो." दोघांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. सारवण होतं, वाळेपर्यंत हडपा ओटीवर. मग पुन्हा आत, पुन्हा तिथेच, बोटभर डावीकडे. कोरा चहा होतो. गाडी सुरू होताना काकी पदराने हात पुसत खळ्याच्या कडेपर्यंत येते.

"फुडल्या वर्साक चवथीआधी ये हां. माळ्यावर कणगी आसा, ती माका एकटेक हलना नाय."