तगर

आमच्या घरात कापडाला सहजी मरण येत नाही. लुगडं विरलं की वाकळीत जातं, वाकळ विरली की पायपुसणं होतं आणि पायपुसण्याचं पुनर्वसन मग आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर होतं. अपवाद एकच, ओटीतला ब्लाऊजपीस. त्याला फेरे आहेत, मोक्ष नाही. बारशाला, हळदीकुंकवाला, तुळजापूरहून परतणाऱ्या पाहुणीच्या ओटीत तो या घरून त्या घरी जातो. शिवत त्याला कुणीच नाही. एकदा शंका येऊन मी एका पोपटी पिसाच्या कोपऱ्यात पेनानं ठिपका दिला. दीड वर्षात बाईसाहेब अख्खं धाराशिव फिरून, घडी न मोडता, माझ्याच ओटीत येऊन पडल्या.

त्याच दिवशी ठरवलं, हिला आता सोडवायचं. फूल करायचं. केसात माळायचं.

जोडीला पिको-फॉलवाल्या ताईंकडून पिशवीभर कातरण आणलं. कृती सोपी. बांगडी ठेवून पाच गोल कापायचे, प्रत्येकाची चौपदरी घडी घालायची, कडेनं धावदोरा घालून ओढला की झाली पाकळी. पाच पाकळ्या जोडायच्या, मधोमध जुन्या शर्टाचं बटण, मागं पिन. सोपी म्हणजे सांगायला. सॅटिनची कड मेणबत्तीवर नुसती दाखवली की आत वळते, खऱ्या पाकळीसारखी. माझ्या पोपटी पिसात पॉलिएस्टर होतं. ते आधी लाजलं, मग आक्रसलं, मग टपकलं. सुती अस्तर लाजतबिजत नाही, थेट पेटतं.

धूर बघून सासूबाई आल्या.

"काय करायलीस गं? भजी का?"

"फूल हाय, आत्याबाई."

त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, हुंगलं. "वास न्हाई याला."

"पण पाणीबी लागत न्हाई."

यावर त्या गप्प झाल्या. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत, भांडी विसळलेल्या पाण्यावर मोगरा जगवणाऱ्या बाईला हा मुद्दा लगेच कळतो.

माझा हुरूप वाढला तो तेरमुळं. गोरोबाकाकांचं तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' नावाच्या, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात ते आलंय. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायची. मला मात्र कौतुक निराळंच वाटलं. गाव कापडाचं आणि नाव फुलाचं! दोन हजार वर्षं हे जिल्ह्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही, आता मीच मनावर घ्यायला हवं होतं.

म्हणून पांढऱ्या सुती अस्तराची तगर करायला घेतली. पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या एकाच बाजूला किंचित मुरडलेल्या. सुती कापडाला ज्योत चालत नाही, त्याला खळ लागते. भाताच्या पेजेत बुडवून, पाकळ्या बोटांनी मुरडून, कट्ट्यावर उन्हात वाळत ठेवली. अशी उतरली की मीच दोनदा फसले.

तासाभरानं बघते तर शेजारची शेळी कट्ट्याशी उभी. काळीभोर, लांब कानांची, अस्सल उस्मानाबादी. २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं, हिचं अजून तेच आहे. तोंडातून एक पांढरी पाकळी लोंबत होती.

ओरडायचं सोडून मी आनंदानं हाकच मारली, "आत्याबाई, बघा की! शेळीला खरं फूल वाटलं!"

आत्याबाई चष्मा लावून बाहेर आल्या. शेळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"फूल कशाचं? पेजेचा वास आला तिला."

"म्हणजे वास हाय तर!"